भिंतीची रिकामी पाळी : पोकेमॉनच्या लढतीतला बचाव

(निगडी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)

आज सभागृहात दोन पिढ्या दिसतायत. एका पिढीला पोकेमॉन म्हणजे मुलं कार्टून नेटवर्कवर बघायची तो पिवळा उंदीर. दुसरी पिढी रात्री मोबाइलच्या ब्राउझरमध्ये 'पोकेमॉन शोडाउन' उघडते आणि जपान-ब्राझीलच्या माणसांशी लढते. त्याला कन्सोल लागत नाही, पैसे लागत नाहीत, त्यामुळे आपल्या पट्ट्यात हा खेळ पोचला तो बराचसा याच वाटेने. पहिल्या पिढीसाठी नियम दोन वाक्यांत सांगतो. दोघांकडे सहा-सहा प्राणी, मैदानात एकेक. दोघंही एकाच वेळी चाल निवडतात, जो चपळ त्याची चाल आधी होते. हा झाला एक टर्न. आम्ही त्याला 'पाळी' म्हणणार आहोत, कारण चाकणला आणि भोसरीला पाळी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

आज आम्ही एकाच प्राण्याबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव स्कार्मरी. पोलादी पक्षी, १९९९ साली जपानमध्ये आलेल्या गोल्ड-सिल्व्हर या खेळांतला. पोलाद आणि उड्डाण असे त्याचे दोन प्रकार. जमिनीचे हल्ले लागत नाहीत, विष लागत नाही, आग आणि वीज सोडली तर त्याला दुप्पट लागेल असं काही नाही. संरक्षणाचा मूळ आकडा १४०. हल्ल्याचा ८०, म्हणजे जेमतेम. लोक याला 'वॉल' म्हणतात. भिंत.

आमची तक्रार या 'भिंत' शब्दाबद्दलच आहे. भिंत म्हटलं की प्रश्न एकच विचारला जातो: किती दणके सोसते? जे मार्गदर्शक लेख फिरतात, जे व्हिडिओ येतात, त्या सगळ्यांत हिशेब असतो तो 'अमक्याचा हल्ला तीन वेळा सोसतो, तमक्याचा चार वेळा' असा. हा हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. नुसतं सोसून काय होतं?

आकड्यांत बघू. १०० व्या पातळीचा, प्राणशक्तीत पूर्ण गुंतवणूक केलेला स्कार्मरी घ्या. त्याचे एचपी होतात ३३४. हातात 'लेफ्टओव्हर्स', म्हणजे उरलंसुरलं अन्न, दर पाळीला सोळावा हिस्सा परत देतं. धरा २०. आणि 'रूस्ट' ही चाल, २००६ पासूनची, एका फटक्यात निम्मे एचपी परत देते. १६७.

आता समोरचा दर पाळीला सारखा दणका देतोय. स्कार्मरीने दर पाळीला फक्त रूस्टच केलं, तर तो १८७ पर्यंतचा दणका पचवतो. म्हणजे ५६ टक्के. ऐकायला भारी वाटतं. पण या काळात त्याने केलं काय? काहीच नाही. मशिन तिन्ही पाळ्यांत सर्व्हिसिंगलाच उभी आहे, माल निघतोय शून्य. शिवाय रूस्ट केलं की त्या पाळीपुरतं त्याचं उड्डाण जातं, आणि त्यानंतर त्याच पाळीत भूकंपाची चाल आली तर ती दुप्पट बसते.

म्हणून प्रश्न बदलू या. रूस्ट एका पाळीला आणि स्वतःचं काम दुसऱ्या पाळीला, असं चालवायचं असेल तर? दोन पाळ्यांत परत मिळतात १६७ आणि दोनदा २०, एकूण २०७. दणका १०३ च्या आत हवा. म्हणजे साधारण ३१ टक्के. आणि तीन पाळ्यांत दोन कामाच्या हव्या असतील तर ७५ च्या आत, २२ टक्के. हे झाले खरे आकडे. ५६ ला तुम्ही जिवंत आहात, ३१ ला कामावर आहात, २२ ला समोरचा अडचणीत आहे. एक लक्षात ठेवा, प्रत्येक हल्ल्याचा दणका कमाल आकड्याच्या ८५ ते १०० टक्क्यांमध्ये कुठेही पडतो. हिशेब कमाल आकड्यावर करा. सरासरीवर भरवसा ठेवणारे मेंटेनन्सवाले आपण सगळ्यांनीच पाहिलेत. (हशा)

आणि काम म्हणजे काय? स्पाइक्स. समोरच्याच्या अंगणात खिळे पसरायचे. एक थर असला तर आत येणाऱ्याचा आठवा हिस्सा जातो, दोन थरांना सहावा, तीन थरांना चौथा. जे उडतात ते सुटतात. मग 'व्हर्लविंड', म्हणजे वावटळ: समोरच्याला उडवून लावायचं आणि त्याच्या गोटातला दुसरा कोणीतरी ओढून आणायचा, तो येताना खिळ्यांवरूनच येणार. हल्ला म्हणाल तर एकही केलेला नाही. मिळालेल्या रिकाम्या पाळ्यांनीच समोरच्याची फौज पोखरली जाते. २००२ नंतरच्या खेळांत स्कार्मरी आणि ब्लिसी ही जोडी याच बळावर गाजली. ब्लिसीचा एचपीचा मूळ आकडा २५५, संरक्षणाचा फक्त १०. पक्षी शारीरिक मार घेणार, ही गुबगुबीत बाई बाकीचा.

इथे चाकणचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कंपन्यांच्या कमानी येण्याच्या कितीतरी आधी तिथे संग्रामदुर्ग होता. डोंगरी गड नव्हे, भुईकोट. १६६० च्या पावसाळ्यात शायिस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळे यांनी तो मूठभर शिबंदीनिशी जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला गेला. 'किती सोसलं' या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर शेवटी हारच. पण त्याच पावसाळ्यात महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाला पोचले, आणि तेव्हा खानाची तोफ आणि माणसं एका भुईकोटापुढच्या चिखलात अडकली होती. बचावाची किंमत ही अशी समोरच्याच्या वेळात मोजायची असते. तुलना फार ताणणार नाही. तिथे माणसं मेली, इथे खेळ आहे.

भिंतीला शिकारीही असतात. मॅग्नेटॉन, २००२ पासून त्याच्याकडे 'मॅग्नेट पुल' हा गुण. पोलादी प्राण्याला तो धरून ठेवतो, माघार घेऊ देत नाही, आणि वीज सोडतो. भंगाराच्या यार्डात लोहचुंबकाची क्रेन पाहिली असेल तर वेगळं सांगायला नको. उपाय म्हणून 'शेड शेल' ही वस्तू द्यावी, म्हणजे पक्ष्याला निसटता येतं, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण मग लेफ्टओव्हर्स गेले. दोन पाळ्यांचा हिशेब पुन्हा मांडा: परत मिळणार फक्त १६७, दणका ८३ च्या आत हवा. ३१ चे २५ टक्के झाले. हा भुर्दंड कुठल्याही सल्ल्यात लिहिलेला नसतो. समोरच्या संघात चुंबक असेलच असं नाही. भुर्दंड मात्र प्रत्येक लढतीत आहे.

आता एक उलटं उदाहरण. अधिकृत स्पर्धा जोडीच्या असतात, मैदानात दोन विरुद्ध दोन. २०१४ साली वॉशिंग्टनला कोरियाचा सेजुन पार्क जगज्जेता झाला, त्याच्या संघात पाचिरिसू नावाची खार होती. सगळे आकडे मिळून ४०५, म्हणजे दुबळीच. 'चिमुकलीने दिग्गजांना हरवलं' अशी ही गोष्ट सांगितली जाते. आम्हाला ते भाबडं वाटतं. खारीकडे 'फॉलो मी' होतं, म्हणजे समोरच्यांचे वार स्वतःवर ओढून घ्यायचे. वीज तिला लागत नाही, उलट तिने एचपी वाढतात. शेजारी उभ्या ग्यारॅडोसला वीज सगळ्यात जास्त लागते. 'सुपर फँग'ने समोरच्याचे उरलेले एचपी निम्मे. ही अचूक योजना होती, चमत्कार नव्हे. जोडीची लढत लवकर आटोपते, तिथे रूस्ट करत बसायला वेळच नसतो. खार आपल्या जोडीदाराला एक-दोन रिकाम्या पाळ्या मिळवून देते, तेवढ्या पुरतात.

आता 'स्टॉल' खेळणाऱ्यांना शिव्या पडतात, त्याबद्दल. रडका खेळ, भित्रा खेळ. शंभर-शंभर पाळ्या लढत चालते, समोरचा वैतागून सोडून जातो. पहाटे सहाच्या पाळीची बस पकडायची असलेल्या मुलाचा राग आम्ही समजू शकतो. तरी शिवी चुकीच्या माणसाला पडते आहे. ३१ च्या आत राहून खिळे टाकणारा आणि ५६ ला चिकटून नुसतं रूस्ट करत बसणारा, या दोघांना एकाच नावाने हाक मारणं ही आळशी समीक्षा आहे. प्लँटमध्येही ब्रेकडाउन न होऊ देणारा माणूस दिसत नाही, आणि 'हा करतो काय दिवसभर' असं विचारणारे निघतातच.

खेळ बनवणाऱ्यांनी मात्र हा फरक केला, कळत की नकळत. रूस्ट लढतीत पूर्वी जास्तीत जास्त १६ वेळा करता यायचं. २०२२ च्या स्कार्लेट-व्हायोलेटपासून ८ वेळा. नुसतं सोसणाऱ्याच्या १६ पाळ्यांच्या ८ झाल्या, आणि हाती आधीही शून्य होतं, आताही शून्य. ३१ वाल्याला मात्र त्या ८ रूस्टमध्ये अजूनही ८ कामाच्या पाळ्या मिळतात, २२ वाल्याला १६. नियम कडक आहे, पण अन्यायी आहे असं आम्ही म्हणणार नाही.

खरा अन्याय २०१९ चा. 'हेवी-ड्युटी बूट्स' आले. सेफ्टी शूजच म्हणा. घातले की खिळे लागत नाहीत. स्कार्मरी पाळ्या कमावतो, पण ज्या कामासाठी कमावतो त्या कामालाच भाव राहिला नाही. त्याच पिढीत त्याला 'बॉडी प्रेस' ही चाल मिळाली, जी हल्ल्याच्या नव्हे तर संरक्षणाच्या आकड्याने मारते. पूर्ण गुंतवणुकीत तो आकडा ४१६ पर्यंत जातो, आणि एकदा 'आयर्न डिफेन्स' केलं की ८३२. म्हणजे रिकामी पाळी आता खिळ्यांवर खर्च करायची नाही, पत्रा जाड करण्यावर करायची, आणि मग तोच पत्रा समोरच्यावर आदळायचा. घोस्ट प्रकारच्या प्राण्याला बॉडी प्रेस लागतच नाही, म्हणून तो मैदानात आला की वावटळ लागते. चौथ्या चालीची जागा तिच्यासाठी ठेवा, दुसऱ्या हल्ल्यासाठी नको.