आमच्या कपाटातली मनाची पुस्तकं

मंदिराच्या मागच्या खोलीत आमच्या महिला मंडळाचं एक लोखंडी कपाट आहे. वरच्या तीन खणांत शास्त्रं, पूजापाठाची पुस्तकं, लहान मुलांच्या पाठशाळेच्या वह्या. खालचा खण रिकामा होता. तिथं मनाच्या आजारांवरची पुस्तकं ठेवावीत असं ठरलं आणि निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच, की रविवारी आबिड्सच्या फूटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना मी सगळ्यांना दिसते.

ठरायला कारण घडलं होतं. आमच्या नात्यातली एक सून बाळंतपणानंतर खचली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्यांत एक कॅप्सूल होती. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेलं. सासूबाईंना हे कुणीतरी सांगितलं आणि कॅप्सूल बंद झाली. दुसरी गोळी रात्री झोपताना घ्यायची होती. आमच्याकडे दिवस मावळला की पाणीसुद्धा नाही, म्हणून तीही बंद. डॉक्टरांनी विचारलं नाही, घरच्यांनी सांगितलं नाही. तीन महिने तिचे आणखी हाल झाले. गोळीच्या रूपात तेच औषध मिळतं का, वेळ बदलून चालेल का, हे दोनच प्रश्न होते हो! पण विचारायचे असतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून पुस्तक हातात घेतलं की माझी पहिली परीक्षा हीच. हे पुस्तक त्या सासूबाईंशी बोलेल का?

आबिड्सवरची जुनी मराठी पाठ्यपुस्तकं या परीक्षेत पहिल्या फेरीतच गेली. बी.ए.च्या मुलांसाठी लिहिलेली 'अपसामान्य मानसशास्त्रा'ची ही पुस्तकं स्वस्त मिळतात, म्हणून देणगी देणाऱ्यांना आवडतात. पण त्यांत बाईचा प्रत्येक त्रास 'हिस्टेरिया'त कोंबलेला असतो. मी तर आता कुठलंही पुस्तक मागून पुढं चाळते आणि दोन गोष्टी बघते. समलिंगी आकर्षणाला आजार म्हटलंय का? अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ते १९७३ साली यादीतून काढलं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० साली. दुसरं, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार म्हटलंय का? आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असं धरायला सांगितलंय की तो माणूस प्रचंड ताणाखाली होता, त्याला शिक्षा नको, उपचार द्या. हे ज्या पुस्तकात नाही ते फुकट मिळालं तरी मी कपाटात ठेवत नाही. जुनं पुस्तक जुनं म्हणून वाईट नसतं, पण घाबरलेल्या आईच्या हातात पडलं की घात करतं.

मग जाड इंग्रजी ग्रंथांची पाळी. आमच्यातल्या एकीचा मुलगा डॉक्टर आहे. त्यानं सांगितलं, 'मावशी, डीएसएमच घ्या, त्यावर कुणी बोट ठेवणार नाही.' मी बोट ठेवते. डॉक्टरांसाठी ते पुस्तक ठीक आहे. घरी वाचायला ठेवलं तर काय होतं, बघा. २०२२ च्या आवृत्तीत लांबलेल्या शोकाला आजार म्हटलंय आणि मोठ्या माणसासाठी मुदत घातलीय बारा महिन्यांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या यादीत तीच मुदत सहा महिने. नवरा जाऊन सात महिने झालेली आमची एखादी वहिनी एका पुस्तकात आजारी आणि दुसऱ्यात बरी! दोन्हीकडे हेही म्हटलंय की त्या त्या समाजाच्या रीतीपेक्षा शोक जास्त असला पाहिजे. ते वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. पण आमची रीत काय, विधवेनं किती दिवस घरात बसायचं आणि ते बसणं शोक की सक्ती, हे त्या पुस्तकाला कुठून कळणार?

विक्रम पटेल यांचं 'व्हेअर देअर इज नो सायकिअॅट्रिस्ट' हाती आलं तेव्हा मात्र मी रात्र जागवून वाचलं. पहिली आवृत्ती २००३ ची, दुसरी शार्लट हॅनलन यांच्यासह २०१८ ची. पटेल हे गोव्यात 'संगत' ही संस्था उभी करणाऱ्यांपैकी. आफ्रिकेत झिंबाब्वेमध्ये काम करताना तिथल्या लोकांचा 'फार विचार करण्याचा' आजार त्यांनी लोकांच्याच शब्दांतून समजून घेतला होता. या पुस्तकाची मांडणीच वेगळी. आजाराच्या नावापासून सुरुवात नाही, माणूस जी तक्रार घेऊन येतो तिथून आहे. झोप नाही, अंग दुखतं पण तपासणीत काही सापडत नाही, दारू सुटत नाही. आमच्या बायका तरी काय सांगतात? जीव घाबरा होतो, डोकं जड पडतं, मन लागत नाही. 'मला नैराश्य आलंय' असं बोलणारी मला अजून भेटायची आहे. दोष म्हणाल तर ते आरोग्यसेविकेसाठी लिहिलंय, घरच्या बाईसाठी नाही. शिवाय मी ते इंग्रजीत वाचलं, आणि ज्यांना हवं त्यांना इंग्रजी येत नाही.

हैदराबादची अडचण इथंच आहे. आईला मराठी वाचता येतं. मुलगी इंग्रजी शाळेतली, मराठी बोलते पण वाचत नाही. शेजार तेलुगू, बाजार दखनी. एका घरात एक पुस्तक दोघींना चालत नाही. याच शहरात तेलुगू बायकांनी आपला प्रश्न सोडवला होता. स्त्रीशक्ती संघटनेच्या मैत्रिणींनी 'सवालक्ष संदेहालु' हे बायकांच्या आरोग्याचं पुस्तक स्वतः बसून तयार केलं. लाखभर शंका, असं नाव! बायकांच्या शंकांपासून सुरू होणारं पुस्तक. मराठी बायका या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आमचं ग्रंथसंग्रहालय आहे, शाळा आहेत, आणि आम्ही असं एक पुस्तक केलं नाही. याचा मला राग येतो, तो मुख्यतः स्वतःवरच.

मराठीत पुस्तकं नाहीत असं नाही. ठाण्याच्या आनंद नाडकर्णींचं 'विषादयोग' मी निःशंक घेतलं. नावापासूनच गीतेचा पहिला अध्याय आठवतो. कुणी विचारलं, 'आपल्या मंदिरात गीता कशाला?' मी म्हटलं, अर्जुनाचे हातपाय गळाले हे कळायला धर्म आड येत नाही. अच्युत गोडबोले आणि नीलांबरी जोशी यांचं 'मनकल्लोळ' दोन जाड भागांचं. संदर्भाला उत्तम, पण सलग वाचायला देऊ नये. आमच्यातल्या एकीनं आठवड्यात स्वतःला चार आजार लावून घेतले. अंजली जोशींचं 'मी अल्बर्ट एलिस' तरुण मुली आपण होऊन नेतात, कादंबरी म्हणून.

पण या सगळ्या चांगल्या पुस्तकांत आमचं घर सापडत नाही. खाण्याच्या आजारांचं प्रकरण उघडावं तर तिथं बारीक व्हायचं वेड असलेल्या मुली. उपवासाच्या आड न जेवणारी मुलगी तिथं नाही. व्रत करणारी आणि व्रतामागं लपणारी यांतला फरक आईनं कसा ओळखावा? पहिली पारणं आनंदानं करते, दुसरीला पारण्याची भीती वाटते, हे मी नुसतं बघून शिकले. दुसरं लिथियमचं. हे औषध घेणाऱ्यानं पाणी सोडलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण चढतं आणि विषबाधा होऊ शकते. पुस्तकांत लिहिलेलं असतं, 'भरपूर पाणी प्या, उन्हात जपा.' दशलक्षणात निर्जल उपवास धरणाऱ्या बाईला त्या वाक्यात आपला उपवास दिसत नाही. तो दिसायला हवा, शब्दानिशी. आणि आर्तध्यान? घरात कुणी उदास बसलं की वडीलधारे म्हणतात, आर्तध्यान सोड, कर्माचा उदय आहे, सहन कर. शास्त्रातला शब्द आहे, खोटा नाही. पण ताप आला की आपण कर्माचा उदयही म्हणतो आणि औषधही घेतो. मग इथंच का अडतं, यावर कुणी दोन पानं लिहिलेली मला हवी होती.

भीती मात्र सगळ्यांना एकाच नावाची. 'एर्रगड्ड्याला पाठवीन' ही या शहरातली धमकी आहे, जशी तिकडं ठाणं नि येरवडा. फार थोड्यांना ठाऊक आहे की निजामाच्या राज्यातलं हे मनोरुग्णालय आधी आपल्या मराठवाड्यात, जालन्याला होतं आणि १९५३ साली इथं आलं. मंडळात मी हे सांगितलं तेव्हा जालन्याच्या एक काकू एकदम बोलत्या झाल्या. त्यांची आत्या तिथं होती. साठ वर्षांत त्यांनी हे घराबाहेर उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी पुस्तकांचं बोलणं तिथंच थांबलं.

शेवटी अकरा पुस्तकं आली. प्रत्येकाच्या आतल्या पानावर मी हातानं लिहिलेली चिठ्ठी डकवली: कॅप्सूलऐवजी गोळी मिळेल का विचारा, रात्रीची वेळ बदलता येईल का विचारा, उपवास धरण्याआधी डॉक्टरांना सांगा, लिथियम असेल तर नक्कीच, आपल्याला समजेल त्या भाषेत माहिती मागणं हा कायद्यानं हक्क आहे, फोन करायचा तर सरकारचा टेलीमानस, १४४१६. चिठ्ठी एका डॉक्टरांकडून तपासून घेतली. त्यांनी एक शब्द बदलला, बाकी तसंच ठेवलं.

वहीत नाव लिहायची अट आम्ही पहिल्याच महिन्यात काढली, कारण पुस्तकं जातच नव्हती. आता कपाटाची किल्ली खिळ्याला असते. 'विषादयोग' दिवाळीपासून जागेवर नाही. कुणाकडे आहे ते मी विचारलेलं नाही, दुसरी प्रत मागवलीय.