दोन कानांचे ऐकणे

देवळाच्या सभामंडपात कीर्तन रंगात आलेले असते तेव्हा बुवांच्या एका हाताला पेटीवाला बसलेला असतो, दुसऱ्या हाताला तबलजी. परंतु खांबाला टेकून ऐकणाऱ्या श्रोत्याच्या एका कानात केवळ पेटी आणि दुसऱ्या कानात केवळ तबला, असा प्रकार कधी घडत नाही. उजवीकडचा ध्वनी उजव्या कानात आधी पोहोचतो. डाव्या कानात तो किंचित मागाहून, किंचित मंदावून येतो, पण येतोच. निसर्गाचा हा नियम इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याची जाणीवही आपल्याला होत नाही. हेडफोन कानांवर चढविला म्हणजे हा नियम मोडतो. त्यावर क्रॉसफीड नावाचा जो उपाय योजिला जातो, त्याच्या गुणदोषांचा विचार येथे करण्याचा आमचा मानस आहे.

दोष कोठे आहे हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट होईल. इंग्लंडातील बीटल्स या वृंदाच्या ‘प्लीज प्लीज मी’ या १९६३ सालच्या ध्वनिमुद्रिकेचे मुद्रण दोन पट्ट्यांवर झाले. मुख्यतः एका पट्टीवर वाद्ये होती, दुसरीवर कंठ. दोहोंचा तोल साधून एकच मोनो मुद्रण सिद्ध करावे, हा त्यामागील प्रधान हेतू. स्टिरिओ आवृत्तीत मात्र वाद्ये डावीकडे आणि गाणारे उजवीकडे, अशी वाटणी झाली. खोलीत दोन स्पीकर मांडून ऐकावे तर ती फारशी खटकत नाही, कारण दोन्ही स्पीकरांचा ध्वनी दोन्ही कानांपर्यंत पोहोचतो. हेडफोनवर मात्र गाणारे उजव्या कानाला चिकटतात, वाद्ये डाव्या कानाला, आणि मधला पट ओसाड राहतो. थोड्याच वेळात श्रोत्याला एका बाजूस दडपण आल्यासारखे वाटू लागते, आणि गाणे चांगले असूनही तो हेडफोन काढून ठेवतो.

याचे कारण खर्जाच्या स्वरांत दडलेले आहे. शंभर हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. माणसाच्या डोक्याचा अडसर तिला जाणवतही नाही. ती डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानात जवळजवळ तितक्याच जोराने शिरते. तार स्वरांच्या आखूड लहरींना मात्र डोके अडवते. म्हणून एका कानात भरघोस खर्ज आणि दुसऱ्यात पूर्ण शांतता, ही अवस्था निसर्गात सहसा येत नाही. आली तर कोणी कानाशी लागून बोलत असेल तेव्हाच. हेडफोनवर ती गाणे संपेपर्यंत टिकते. तेव्हा श्रोत्याला येणारा शीण हा त्याच्या रसिकतेचा उणेपणा नव्हे.

बेंजामिन बाउअर या अमेरिकेतील ध्वनितज्ज्ञाने १९६१ साली हा प्रश्न मांडून त्यावर तोड सुचविली. डाव्या बाजूच्या ध्वनीतील खर्जाचा भाग गाळून घ्यावा, तो काहीसा मंद करावा, आणि सेकंदाच्या सुमारे चार हजाराव्या भागाइतका मागे ठेवून उजव्या कानाला द्यावा. उजवीकडचा तसाच डाव्या कानाला. समोर थोड्या अंतरावर मांडलेल्या दोन स्पीकरांचा ध्वनी पलीकडच्या कानाला जितका उशिराने पोहोचतो, तितकाच हा उशीर आहे. पुढे बोरिस मिखायलोव यांनी बाउअरच्याच नावाने संगणकासाठी एक प्रणाली रचली. तिच्या नेहमीच्या योजनेत गाळणी सातशे हर्ट्झला आणि दोन कानांतील खर्जाचा फरक साडेचार डेसिबेल ठेवलेला आहे. यान मायर यांच्या नावाची सौम्य योजनाही तीत आहे. तिथे हे आकडे साडेसहाशे आणि साडेनऊ असे आहेत. फरकाचा आकडा जितका मोठा तितके मिश्रण कमी, हे ध्यानात ठेवावे.

या उपायावर घेतला जाणारा आक्षेप विचारार्ह आहे. कलावंताने आणि मुद्रकाने जे सिद्ध केले त्यात श्रोत्याने भेसळ का करावी? आमच्या मते हा आक्षेप अर्धाच खरा आहे. जे मुद्रण स्पीकरांसमोर बसून तोलले गेले, त्याचा तोल दोन्ही कानांत होणारी ही मिसळ गृहीत धरूनच साधलेला असतो. हेडफोन ती काढून घेतो आणि क्रॉसफीड तिचा काही अंश परत करते. याला भेसळ म्हणणे न्याय्य नाही.

परंतु जेथे काही हरवलेलेच नाही तेथे परत करण्याची उठाठेव कशाला? गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचे भैरवीतील गायन १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले. ते मुद्रण मोनो आहे. दोन्ही कानांना एकच ध्वनी मिळतो. तेथे क्रॉसफीडने साधत काहीच नाही, झालाच तर खर्जाचा तोल ढळतो. कृत्रिम मस्तकाच्या कानांत मायक्रोफोन बसवून केलेली मुद्रणे तर हेडफोनसाठीच घडविलेली असतात. त्यांत ढवळाढवळ करणे हाच अपराध होय. ज्या मुद्रणात वाद्ये मुळातच सर्वत्र सौम्यपणे पसरलेली आहेत, त्याचा विस्तार क्रॉसफीडमुळे उगाच आकसतो.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याने गायक डोक्याबाहेर येऊन समोर बसत नाही. खोलीतील प्रतिध्वनी, कानाच्या पाळीचे वळण, मान वळविताच होणारा बदल, यांपैकी काहीच तो पुरवीत नाही. तो शीण हरतो, साक्षात्कार घडवीत नाही. शिवाय शीण गेला म्हणजे धोका गेला असे नव्हे. सुखाने ऐकता येते म्हणून आवाज चढवून तासन् तास ऐकणाऱ्याच्या कानांचे रक्षण कोणतीही गाळणी करणार नाही.

जिज्ञासूंनी ज्या गाण्यात वाद्ये एका टोकाला लोटलेली आहेत असे एखादे निवडावे, आणि क्रॉसफीडसह व त्यावाचून, दोन्ही वेळा आवाज सारखाच राखून ऐकावे; कारण जे थोडे मोठे ऐकू येते ते चांगलेच वाटते, आणि परीक्षक फसतो. मिश्रण चालू असल्याचा विसर पडावा, आणि ते बंद करताच कानाने तक्रार करावी, इतकेच त्याचे प्रमाण असावे. चालू असताना ते स्वतःच ऐकू येऊ लागले, तर प्रमाण चुकले असे खुशाल समजावे.