मानमोडीला रँड नव्हता

१९१८ च्या इन्फ्लुएंझाला महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत ‘मानमोडी’ म्हणत. मान मोडून टाकणारा ताप, असा त्याचा सरळ अर्थ. मला हा शब्द नेहमीच विलक्षण वाटत आला आहे, कारण त्यात भीती आहे आणि भीतीची थट्टाही आहे. डॉक्टरी नाव उच्चारता येत नव्हते, तेव्हा लोकांनी आजारी माणसाकडे पाहिले आणि दिसले त्याला नाव दिले. जून १९१८ मध्ये मुंबईत गोदीवरच्या पोलीस शिपायांपासून सुरू झालेली ही साथ पावसाळा संपताना दुसऱ्यांदा उलटली. देशभरात एक कोटी वीस लाख ते दोन कोटी माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

एवढ्या मोठ्या मरणाला मराठी साहित्याने फारच थोडी जागा दिली. प्लेगचे तसे झाले नाही. पुण्याचा प्लेग म्हटला की रँड आठवतो, चाफेकर आठवतात, ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट आठवतो. घराघरांत शिरणारे गोरे सोल्जर होते, अपमान होता, सूड होता. म्हणजे गोष्टीला लागणारे सगळे साहित्य तयार होते. मानमोडीला रँड नव्हता. सरकार घरात शिरले म्हणून प्लेगमध्ये लोक चिडले; मानमोडीत सरकार बहुतेकांच्या दारापर्यंत पोचलेच नाही. राग धरायला समोर कुणी नसले की गोष्ट सांगणेही अवघड होते.

मी राहतो त्या बेंगळुरूतही हाच फरक दिसतो. १८९८ च्या प्लेगने या शहराचा नकाशा बदलला. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या ऐसपैस वस्त्यांचा इतिहास त्या साथीशी जोडलेला आहे. प्लेगने शहराला एक देवीही दिली. ‘प्लेग मारम्मा’चे देऊळ इथे आहे आणि नावातला इंग्रजी शब्द कुणालाही खटकत नाही. फ्लूच्या नावाने मात्र ना वस्ती वसली, ना देवी बसली. आपल्याकडे पटकीला निदान शिव्यांमध्ये कायमचे घर मिळाले. ‘तुला पटकी येवो’ हे पटकी न पाहिलेला माणूसही म्हणतो. मानमोडी उरली ती जुन्या माणसांच्या वय सांगण्यात.

याचे एक कारण रोगाच्या स्वभावातच आहे, असे मला वाटते. प्लेगला उंदीर असतो, गाठ असते. देवी अंगावर उमटतात. फ्लूची सुरुवात होते शिंकेने, आणि शिंक हा प्रकार आपण कधीच गंभीरपणे घेतलेला नाही. काम अडले की आपण ‘माशी कुठे शिंकली’ म्हणून विचारतो. फ्लूच्या साथीत सामान्य माणसाची पहिली चिंता मरणाची नसतेच. ही सर्दी आहे की ‘ती’ सर्दी, रजा टाकली तर पगार कापतील का, पोराला शाळेत पाठवावे का, लिफ्टमध्ये खोकला दाबून धरावा की सरळ जिना चढावा, अशा त्या चिंता असतात. शोकांतिकेला त्या फार किरकोळ वाटतात. विनोदाला मात्र त्या अगदी जवळच्या आहेत. म्हणून फ्लूच्या साहित्यात विनोद हा वरून घातलेला मसाला मानता येणार नाही. फ्लू सामान्य माणसाला जसा भेटतो, तसा तो सांगायचा तर विनोदाच्या वाटेनेच जावे लागते.

आपल्या भाषांतली साथींवरची पुस्तके या दृष्टीने वाचावीत. अहमद अलींच्या ‘ट्वायलाइट इन दिल्ली’ (१९४०) या इंग्रजी कादंबरीत १९१८ चा इन्फ्लुएंझा आहे. तिथे कबरी खणणारे दर वाढवतात, कफनाच्या कापडाचे भाव चढतात. मरणाचाही बाजार भरतो हे पाहणारी कडवट नजर त्यात आहे. ती अचूक आहे, पण ती गल्लीच्या थोडी वरून पाहते.

निरालांचे ‘कुल्ली भाट’ (१९३९) मला याहून मोलाचे वाटते. साथीत त्यांची पत्नी गेली, घरातली माणसे एकामागून एक गेली. डलमऊला गंगेच्या पात्रात प्रेतेच प्रेते असल्याचे त्यांनी लिहिले आहे. आश्चर्य हे की हे सगळे ज्या पुस्तकात आहे ते हास्यप्रधान पुस्तक आहे. सासुरवाडीला आलेला जावई, गावाने ओवाळून टाकलेल्या कुल्लीबरोबर तो हिंडतो म्हणून धास्तावलेली सासू, हे प्रसंग वाचताना हसू आवरत नाही. निराला मृत्यूचे प्रकरण वेगळे काढून त्याला काळी चौकट घालत नाहीत. साथ येते, घर रिकामे करून जाते, आणि पुस्तक पुन्हा कुल्लीकडे वळते. वाचलेल्या माणसाला जगावे असेच लागते. आणि ज्या कुल्लीला गाव हसत होते, तोच पुढे अस्पृश्यांच्या मुलांना शिकवणारा निघतो. हसणारे गाव तिथल्या तिथे राहते. ज्याला हसले तो पुढे निघून जातो.

अनंतमूर्तींची ‘संस्कार’ (१९६५) आपण गंभीर कादंबरी म्हणूनच शिकवतो. तीत प्लेग आहे. शिवमोग्ग्याहून ताप घेऊन आलेला नारणप्पा अग्रहारात मरतो आणि त्याचे क्रियाकर्म कुणी करावे यावर वाद सुरू होतो. पण प्रेत उचलले जाईपर्यंत ब्राह्मणांना जेवता येत नाही, ही अडचण लेखकाने किती बारकाईने वापरली आहे ते पाहा. धर्मशास्त्राची चर्चा चालू असते आणि पोटात कावळे ओरडत असतात. दासाचार्याला भूक सोसवत नाही, तो गुपचूप शेजारच्या पारिजातपुरात पोटाची सोय पाहतो. चंद्री दागिने पुढे करते, तशी ज्यांना क्रियाकर्म नको होते त्यांनाच ते हवेसे वाटू लागते. उंदीर मरत आहेत याचा अर्थ कुणाला लागत नाही. शेवटी प्रेताला अग्नी मिळतो तो चंद्रीच्या आणि एका मुसलमान मासळीवाल्याच्या हातून. हा विनोद कठोर आहे, पण त्याचा रोख आजाऱ्यावर नाही, सुरक्षित राहू पाहणाऱ्यांवर आहे.

मराठीत मला यांच्या पंगतीला बसवावेसे वाटते ते साथीचे नसलेले एक पुस्तक, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १८५७ च्या धामधुमीत आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, स्पर्शाचे भय सगळ्या घरावर पसरलेले. २०२० मध्ये भाजीच्या पिशव्या साबणाच्या पाण्यात बुडवणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना ती पाने पुन्हा आठवली असतील. दोन्ही भये एक नव्हेत. एका भयाला विषाणूचे कारण होते, दुसऱ्यामागे जातीची व्यवस्था उभी होती. पण भयाखाली घर कसे चालते याची सामान्य माणसाच्या बाजूने लिहिलेली इतकी चांगली नोंद मराठीत दुर्मीळ आहे. लक्ष्मीबाई हसतात ते त्या घरातली मुलगी म्हणून. वडिलांच्या वेडाचा जाच त्यांनी सोसला आहे, आणि वेडामागचा धक्काही त्यांना दिसतो. म्हणून त्यांच्या हसण्यात तुच्छता येत नाही.

हाच निकष घेऊन मी २००९ च्या स्वाइन फ्लूकडे पाहतो. ३ ऑगस्टला देशातला पहिला बळी पुण्यात गेला. शाळा, मॉल, चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. त्या दिवसांत पुण्याच्या रात्रीच्या बसमधून आनंदराव सर्कलला उतरणाऱ्या मराठी माणसाने शिंक दाबूनच उतरावे, अशी इथे अवस्था होती. तेव्हा शहरभर ऐकू येणारा कन्नड दिलासा म्हणजे ‘बरी नेगडी’. कन्नडमध्ये ‘बरी’ म्हणजे नुसती, ‘नेगडी’ म्हणजे सर्दी. मराठी कानाला मात्र ती ‘चांगली सर्दी’ वाटायची. आम्ही एकमेकांना फोनवर विचारत असू, ‘काय, सर्दी बरी आहे ना?’ या कोटीत कुणाचेही नुकसान नाही. विचारणारा आणि ज्याला विचारले तो, दोघेही एकाच भीतीच्या आत उभे आहेत. पुण्यातल्या मुलींनी स्कूटरवर तोंडाला स्कार्फ बांधण्याची तालीम आधीच करून ठेवली होती, हा विनोदही त्याच घरचा.

दुसरी कोटी रोगाच्या कन्नड नावावर होती. डुक्कर म्हणजे ‘हंदी’, म्हणून ‘हंदी ज्वर’. त्याच महिन्यात गोकुळाष्टमी आली आणि ‘हंदी’ची ‘हंडी’ व्हायला वेळ लागला नाही. शब्दांची गंमत म्हणून ही कोटी पहिलीपेक्षा सरस आहे. पण तिच्या शेजारी डुकरावरच्या हलक्या विनोदांची रांग उभी राहिली, आणि तिथे हसणारा भीतीच्या बाहेर पडला. ही साथ पसरत होती माणसाकडून माणसाला. डुक्कर नावापुरते होते. पण नाव चिकटले की त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. त्याच वर्षी इजिप्तने देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारायचे ठरवले, आणि त्यात कैरोतला कचरा उचलून त्यावर डुकरे पोसणारा गरीब ख्रिस्ती समाज उघडा पडला. आपल्याकडेही डुकरे पाळून जगणाऱ्या वडार-कैकाडी वस्त्या आहेत. त्यांच्या अंगणातून हा विनोद कसा ऐकू येत असेल, हे कोटी करणाऱ्याने विचारले नाही.

साथीतल्या विनोदाला ‘लोकांची जिद्द’ म्हणून सरसकट शाबासकी देण्याची प्रथा आता पडली आहे. २०२० नंतर निघालेल्या अनेक विशेषांकांत ती मला दिसते आणि मला ती मान्य नाही. ती समीक्षेचे काम टाळते. साथीत हसू फुटते ते कधी धीर देते, कधी बोट दाखवते, आणि हा भेद सांगणे हेच आपले काम आहे. त्याचबरोबर ज्या लेखनात रजा, पगार, औषधाची रांग आणि दाबलेला खोकला आहे, त्याला किरकोळ म्हणून बाजूला ठेवण्याची सवयही सोडली पाहिजे. मानमोडीच्या वर्षी अशी बोलणी घरोघर झाली असणार. ती लिहून ठेवण्याजोगी कुणाला वाटली नाहीत, आणि एवढ्या मोठ्या मरणातून आपल्या हाती मुख्यतः एक शब्द राहिला.