ख्रिस्तपुराणाची मूळ संहिता कोणती?

फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाचा विषय निघाला कीं पोथीसंग्राहक लंडनच्या मार्स्डेन संग्रहांतील देवनागरी प्रतीचें नांव घेतात. जस्टिन ॲबट यांनी १९२३ मध्यें तीच मूळ संहिता असल्याचें प्रतिपादन केलें, आणि देवनागरी तेवढें अस्सल ही समजूत बळावली. ती आम्हांस मान्य नाहीं.

हा इंग्रज जेज्वीट १५७९ मध्यें गोव्यास उतरला व बहुतेक आयुष्य साष्टींतील नवख्रिस्त्यांत घालवून १६१९ मध्यें वारला. त्याचें पुराण रायतूर येथें १६१६ मध्यें रोमन लिपींत छापलें. पुढें १६४९ व १६५४ मध्यें पुन्हां निघालें. या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज ठाऊक नाहीं. देशी अक्षरांचे खिळे पाडण्याविषयीं त्यानें १६०८ मध्यें वरिष्ठांस लिहिलें होतें. यावरून त्याचा स्वहस्ताचा खर्डा देवनागरींत असावा हा तर्क आम्ही टाकाऊ मानीत नाहीं. पण लिपि निराळी आणि पाठ निराळा.

रोमन पोथ्यांत जेथें धर्मविषयक पोर्तुगीज शब्द आहेत, तेथें मार्स्डेन प्रतींत संस्कृत शब्द आढळतात. यांपैकीं आधींचे कोणते? स्टीफन्स प्रस्तावनेंत सांगतो कीं, जुन्या कवींचे कठीण शब्द आपण सोडले व लोकांस समजावें म्हणून ब्राह्मणभाषेंतील, म्हणजे कोंकणींतील, सोपे शब्द मिसळले. ज्या श्रोत्यांनीं पाद्र्यांकडून प्रार्थना पोर्तुगीज संज्ञांसह पाठ केल्या, त्यांच्यासाठीं लिहिणारा त्या संज्ञा टाळील हें संभवत नाहीं. संस्कृत शब्द घालणारा हात मागाहूनचा, असें आमचें मत आहे.

रोमन पाठ तरी निर्दोष कोठें आहे? ट, ड, ण हे वर्ण दाखविण्यास त्यांत व्यंजन दुप्पट लिहीत. लेखकानें एक अक्षर गाळलें कीं ‘पाट’ चा ‘पात’ व ‘मण’ चा ‘मन’ होतो. जे. एल. साल्ढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें छापलेली १०,९६२ ओव्यांची संहिता अशाच पोथ्यांवरून सिद्ध झाली. शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ति तिचेंच लिप्यंतर होय. देवनागरी पोथीचा पुरावा म्हणून ती पुढें करूं नये.

शेवटच्या छापील आवृत्तीनंतर तीसच वर्षांनीं, १६८४ मध्यें, पोर्तुगीज सरकारनें रयतेस देशभाषा तीन वर्षांत सोडण्याचें फर्माविलें. तरी पुराण टिकलें, तें देवळांत व घरोघर वाचलें जाई म्हणून. गोवा सोडून कानड्यांत गेलेल्या कुटुंबांनीं तें बरोबर नेलें. टिपूनें १७८४ मध्यें धरून श्रीरंगपट्टणास नेलेल्या ख्रिस्त्यांस याच ओव्यांचा आधार होता, अशी परंपरा आहे. अशा वाचणाऱ्यांनींच पोथ्या लिहिल्या. पाठभेद त्यामुळेंच वाढले, आणि ग्रंथहि त्यामुळेंच हातीं आला.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, गोवें व कानडा येथील जुन्या ख्रिस्ती घरांत रोमन अक्षरांचें बाड दिसल्यास पोर्तुगीज हिशेब समजून बाजूस सारूं नये. दोन ओळी मोठ्यानें वाचाव्या; ओवी असेल तर कानास तत्काळ कळेल.