ॲडव्हेंटिस्ट पाळकांचा शनिवार आणि आपली प्रश्नावली

'पाळकांचं संतुलित जीवन आणि परिणामकारक सेवा' असा विषय सिनॉप्सिसला दिसला की वाटतं, सोपं आहे. दीडशे प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, सहसंबंध काढायचा, झालं. पेटनंतरच्या मुलाखतीची तयारी करत असाल तर जरा थांबा. ॲडव्हेंटिस्ट पाळकांना आधार द्यायचा म्हणून नेहमी जो युक्तिवाद केला जातो, तो एकदा उलगडून बघू. त्यातली चूक आपल्या विषयांतही सर्रास होते.

सेवन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा अमेरिकेत १८६३ साली संघटित झालेला ख्रिस्ती पंथ. (पुण्यात औंधचं स्पायसर त्यांचंच.) दारू-तंबाखू वर्ज्य, बरेच जण शाकाहारी, आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विसावा. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठाने या लोकांच्या आरोग्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. त्यातला फ्रेझर आणि शॅव्हलिक यांचा २००१ चा निबंध प्रसिद्ध आहे. सुमारे ३४ हजार ॲडव्हेंटिस्टांचा डेटा. वयाच्या तिशीत मोजलेलं अपेक्षित आयुर्मान इतर गोऱ्या कॅलिफोर्नियावासीयांपेक्षा पुरुषांत ७.३ वर्षांनी, स्त्रियांत ४.४ वर्षांनी जास्त.

काम भक्कम आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही. भांडण त्यापुढच्या उडीशी आहे. पंथाची जीवनशैली इतकी चांगली, तर थकलेल्या पाळकाने तीच नीट पाळावी, तोल आपोआप येईल! व्यायाम करा, पाणी प्या, शब्बाथ पाळा.

आता शनिवारकडे बघा. सभासदासाठी तो विश्रांतीचा दिवस. पाळकासाठी? सकाळी उपासना आणि प्रवचन, मग लोकांच्या भेटीगाठी, कोणी आजारी असेल तर त्याच्याकडे जाणं, आणि दोन-तीन मंडळ्या सांभाळत असेल तर मधला प्रवास. बाकीच्यांचा विसावा ज्याच्या श्रमावर उभा, तोच त्या दिवशी राबतो. म्हणजे जो घटक आपण 'संरक्षक' समजून मॉडेलमध्ये घालणार, तो या उपगटात ताणाचं कारण असू शकतो. नाव एकच, व्हेरिएबल दोन. सभासदांची सरासरी पाळकांना चिकटवता येत नाही.

दुसरी अडचण मला जास्त छळते. प्रश्न विचारतंय कोण? या पंथात दशांश स्थानिक मंडळीकडे राहत नाही, वर कॉन्फरन्सकडे जातो. पाळकाचा पगार तिथून, बदलीही तिथूनच. मग 'सेवा सोडावीशी वाटते का?' असा फॉर्म कॉन्फरन्समार्फत आला तर तो खरं लिहील? स्वतःवरून बघा. प्रगती-अहवालाला जोडलेला मानसिक स्वास्थ्याचा फॉर्म गाईडच्या टेबलावरून पुढे जाणार असेल, तर तुम्ही काय लिहाल? मी एकदा 'सर्व उत्तम' लिहिलं होतं. त्या आठवड्यात तीन रात्री धड झोपले नव्हते.

तुलनेसाठी मेथडिस्ट पाळकांवरचं ड्यूक विद्यापीठाचं काम वाचा. नॉर्थ कॅरोलायनातल्या ९५ टक्के कार्यरत पाळकांनी उत्तरं दिली (एवढा प्रतिसाद आपल्याला स्वप्नातही मिळत नाही). ३५ ते ६४ वयोगटात स्थूलता ३९.७ टक्के, राज्यातल्या समवयस्कांपेक्षा १० टक्क्यांहून थोडी जास्तच वर. मधुमेह, रक्तदाबही जास्त. पण तब्येतीमुळे रोजच्या कामात अडथळा येतो का, या प्रश्नांवर त्यांचे गुण राष्ट्रीय सरासरीपेक्षा चांगले! नुसती ही दुसरी प्रश्नावली वापरली असती, तर 'पाळक ठणठणीत आहेत' असा निष्कर्ष छापून मोकळे झालो असतो. माझा अंदाज असा, की देवाने पाचारण केलंय असं मानणाऱ्या माणसाला 'जमत नाही' यावर टिक करणं फार जड जातं. आणि ॲडव्हेंटिस्ट पाळकाला तर आरोग्य हा उपदेशाचाच भाग, त्यामुळे आजारी पडणंही त्याला कमीपणाचं वाटू शकतं.

म्हणून हा विषय घेणार असाल तर 'तुमचं जीवन संतुलित आहे का, १ ते ५' हे काढून टाका. किती मंडळ्या सांभाळता? बदली किती दिवस आधी कळली? शनिवारऐवजी सुटी कुठल्या वारी, आणि गेल्या चार आठवड्यांत ती किती वेळा मिळाली? फॉर्म बिननावाचा ठेवा आणि कॉन्फरन्सबाहेरच्या माणसाकडे जाऊ द्या. आणि जमलं तर पाळकाच्या घरच्यांना वेगळं विचारा. शेवटची सुटी कधी मोडली, ते बहुधा तारखेसकट सांगतील.