न मळता होणारा पाव : कृती उत्तम, लिखाण अर्धवट

घर सोडून भाड्याच्या खोलीत राहायला लागलं की अनेकांना बेकिंगचा नाद लागतो. मलाही लागला. कारण सोपं आहे. स्वयंपाकघर पहिल्यांदाच पूर्णपणे आपल्या ताब्यात असतं, आणि प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने हुलकावणी देणारा निकाल इथे दुसऱ्या दिवशी खाता येतो! तुम्ही संशोधनाची तयारी करताय, म्हणून माझ्या आवडत्या पावाची कृती आज तुमच्यासमोर तपासतो. शोधनिबंधातला ‘पद्धती’ हा भाग तपासतात ना, अगदी तशी.

कृती न्यूयॉर्कच्या जिम लेही यांची. मार्क बिटमन यांनी नोव्हेंबर २००६ मध्ये ती ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मांडली आणि ती जगभर पसरली. लेहींच्या ‘माय ब्रेड’ (२००९) या पुस्तकातलं प्रमाण असं: ४०० ग्रॅम ब्रेडचं पीठ, ३०० ग्रॅम पाणी, ८ ग्रॅम मीठ आणि फक्त १ ग्रॅम यीस्ट. कालवायचं, झाकायचं, १२ ते १८ तास ठेवायचं. मग गोळा करून पुन्हा फुगू द्यायचा आणि सणसणीत तापलेल्या बिडाच्या भांड्यात झाकण लावून अर्धा तास भाजायचा. शेवटी झाकण काढून रंग आणायचा.

यातली कल्पना खरंच सुंदर आहे. मळण्याचं काम ग्लुटेनचं जाळं तयार करण्याचं. पाणी भरपूर आणि वेळ भरपूर असेल तर पिठातली प्रथिनं आपोआप जोडली जातात. यीस्टचे बुडबुडे फुगताना जाळं ताणतात. झाकणाचंही तसंच. ओल्या गोळ्याची वाफ भांड्यातच कोंडते, वरचा थर लवकर कडक होत नाही, पाव नीट फुगतो आणि वर कुरकुरीत कवच येतं. म्हणजे मिक्सर नाही, बेकरीची वाफेची भट्टी नाही, तरी काम होतं.

आता दोष. पहिला, मापाचा. वर्तमानपत्रातली २००६ ची मूळ कृती कपाने मोजत होती. एक कप पीठ सैल भरलं तर सुमारे १२० ग्रॅम, दाबून भरलं तर १५० च्या आसपास. पाणी ३०० ग्रॅमच ठेवलं तर तीन कपांसाठी पाण्याचं प्रमाण ८३ टक्क्यांवरून ६७ वर येतं. एकाचा चिखल होणार, दुसऱ्याचा घट्ट गोळा, आणि दोघांनीही ‘कृतीप्रमाणेच’ केलेलं! पुस्तकात ग्रॅम आले, ही महत्त्वाची दुरुस्ती.

दुसरा दोष जास्त गंभीर. १२ ते १८ तास हे सुमारे २१ अंश सेल्सिअसच्या खोलीसाठी आहेत. कृतीत तापमान दिलेलं आहे, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात तास राहतात. ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढलं की आंबण्याचा वेग दुप्पट होतो. पुण्यात मे महिन्यात १८ तास थांबलात तर पीठ आंबून बसेल. इडलीचं पीठ उन्हाळ्यात लवकर येतं आणि थंडीत उबेला ठेवावं लागतं, हे आपल्या घरात कुणी घड्याळ लावून शिकवलेलं नसतं. लेहींच्या कृतीतही खूण आहे: पृष्ठभाग बुडबुड्यांनी भरलेला दिसला पाहिजे. ती पहिली हवी होती, तास नंतर.

तिसरा, पिठाचा. ब्रेडच्या पिठापेक्षा आपल्या मैद्यात प्रथिनं सहसा कमी असतात, म्हणून पाणी थोडं कमी लागतं. चक्कीच्या कणकेत दळताना स्टार्च जास्त फुटतो, ती पाणी जास्त ओढते. शिवाय कोंडा ग्लुटेनच्या आड येतो. कृती हे सांगत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या बाजारात तो प्रश्नच नव्हता.

माझं मत: शोध अव्वल, पद्धतीचं लिखाण अर्धवट. तुम्ही उद्या कुणाचीही पद्धती वाचाल तेव्हा प्रत्येक आकड्याला विचारा, तू कारण आहेस की फक्त लेखकाच्या खोलीची सवय? हा प्रश्न सुटायला लागला की बेकिंगचा खरा आनंद सुरू होतो, कारण मग पाव तुमचा असतो.

करून बघा. लहान ओटीजी असेल तर सगळं निम्मं घ्या, डिजिटल काट्यावर मोजा. उन्हाळ्यात रात्री कालवा आणि सकाळी उठल्या उठल्या झाकण उघडून आधी बुडबुडे बघा, मग घड्याळ.