वस्तू आणि वही : जुन्या वसतिस्थानांच्या शोधाची हौस — एक परीक्षण

जुन्या गावाची पांढरी तुडवीत हिंडावे, एखादे खापर, मणी, नाणे अथवा कोरीव दगड दृष्टीस पडताच तो उचलून घरी आणावा, ही हौस महाराष्ट्रास नवीन नाही. शाळामास्तर, वकील, डॉक्टर, गावचा पुजारी, प्रसंगी शेतकरीसुद्धा ह्या नादास लागल्याची उदाहरणे विपुल आहेत. ह्या हौसेचे कौतुकही पुष्कळ झाले आहे. परंतु तिचे परीक्षण मात्र क्वचितच झाले. हौशी शोधकाने इतिहासास काय दिले आणि त्याच्या हातून काय गेले, ह्याचा हिशेब मांडल्याखेरीज त्या कौतुकास अर्थ येत नाही.

ह्या हिशेबास कृष्णाकाठचा पलूस परिसर चांगले निमित्त पुरवितो. मराठी माणसाने भूमीचे दोन भाग फार पूर्वीच पाडले आहेत : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती उभ्या राहून ढासळल्या, चुलींची राख साचली, शेणमाती मिसळली, म्हणजे पांढरी तयार होते. नदीकाठच्या उंचवट्यावरील अशी पांढरी म्हणजे गावाने स्वतःच्या हाताने रचलेले दप्तरच होय. फरक इतकाच की त्याची पाने आडवी पसरलेली असतात आणि सर्वांत जुने पान सर्वांत खाली असते. हे दप्तर आज चहूंकडून फाटत आहे. उपसा सिंचनाच्या पाण्यावर ऊस आला तशी जमिनीची सपाटी करणे ओघानेच आले. पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याचा प्रघात तर त्याहून जुना. त्यात पुराची भर पडते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिलवडी, ब्रह्मनाळ आदी गावांत कृष्णेचे पाणी शिरले. अशा पुराने काठ खचतात आणि खचलेल्या काठातून जुने थर उघडे पडतात. अशा वेळी तेथे प्रथम पोहोचतो तो हौशी शोधकच. विद्यापीठाचा पथक येईतो पुढचा पाऊस येऊन गेलेला असतो. सबब हौशी शोधक नकोच, असे म्हणणे व्यवहारास धरून होणार नाही.

शिवाय त्याच्या पाठीशी थोर परंपरा आहे. शेजारच्या मिरजेत वासुदेवशास्त्री खरे ह्यांनी शाळेतील अध्यापन सांभाळून पटवर्धनांच्या दप्तरातील कागद वाचले, लावले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर चढले, आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड त्यांनी वाई येथून प्रसिद्ध केला. पुढे ह्या मालेचे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही अशाच पदरमोड करणाऱ्या माणसांच्या बळावर. ह्या कार्याचा मोठेपणा केवळ कागदांच्या संख्येत नाही. मिळालेला कागद इतर कागदांशेजारी ठेवावा, त्याची तिथी लावावी आणि मग तो छापून सर्वांच्या हाती द्यावा, ही शिस्त त्यात आहे.

परंतु ज्याची परंपरा सांगावयाची त्याचे न्यूनही सांगितले पाहिजे. राजवाड्यांना बीडकडील पाटांगण येथे ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. तिच्या आधारे त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची आपली प्रत छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. मूळ पोथी मात्र पुढे अभ्यासकांस पाहावयास मिळाली नाही. परिणामी त्या पोथीच्या प्राचीनतेविषयीचा वाद साधार मिटविण्याचे साधनच उरले नाही. राजवाड्यांसारख्या व्यासंगी पुरुषाच्या निष्कर्षांवरही पुरावा दृष्टिआड होताच शंकेची छाया पडते, मग इतरांची कथा काय?

कागदाच्या बाबतीत निदान एक सोय असते. कागद स्वतः बोलतो. त्यावर नाव, गाव, क्वचित तिथीही असते. मातीतून निघालेली वस्तू मुकी असते. तिच्या वतीने बोलतात ती तिची जागा, तिची खोली आणि तिच्यासोबत निघालेल्या वस्तू. कोल्हापुराजवळ पंचगंगेकाठी असलेल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडाचा दाखला ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. १९४४-४५ च्या सुमारास तेथे कांस्यवस्तूंचा साठा मिळाला. समुद्रदेव पोसायडन ह्याची रोमन बनावटीची छोटी मूर्ती त्यातीलच. ह्या शोधाशी प्रा. के. जी. कुंदणगार ह्यांचे नाव निगडित आहे. लगेच १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित ह्यांनी त्या टेकाडाचे रीतसर उत्खनन केले आणि १९५२ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. सातवाहनकाळातील विटांच्या घरांपासून बहामनी काळापर्यंतचे थर त्यातून उलगडले. मूर्ती सुंदर आहे खरी. पण दक्षिण महाराष्ट्रातील एका नदीकाठच्या नगराचा पश्चिमेकडील व्यापाराशी संबंध होता, हे विधान ठामपणे करता येते ते मूर्तीमुळे जितके, तितकेच तिच्या भोवतालच्या थरांमुळे. थरांवाचून ती केवळ एक नवलाची वस्तू राहिली असती.

ह्याच्या उलट दायमाबादचे उदाहरण घ्यावे. प्रवरेकाठच्या ह्या स्थळी १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणीत असता एका ग्रामस्थास रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भरीव कांस्यशिल्पे मिळाली. चारींचे एकत्रित वजन साठ किलोग्रॅमहून अधिक आहे. भारतीय धातुकामात ह्यांना तोड नाही. परंतु ती निघाली त्या वेळी तेथे थरांची नोंद घेणारे कोणी नव्हते. पुढे १९७६ ते १९७९ ह्या काळात शां. अ. साळी ह्यांनी तेथे विस्तृत उत्खनन केले. तरीही शिल्पांच्या काळाविषयी मतभेद राहिला. म. के. ढवळीकर आदींनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली, तर डी. पी. अग्रवाल ह्यांनी त्यांच्या धातूतील सोमलाच्या प्रमाणावर बोट ठेवून इतक्या प्राचीनतेविषयी शंका घेतली. धातूस मातीची साक्ष मिळू शकली असती तर हा वाद इतका लांबला नसता. दोष त्या ग्रामस्थाचा नव्हे. तो संशोधनास निघालाच नव्हता, आणि त्याच्यामुळेच ही शिल्पे जगापुढे आली. परंतु जो शोधावयासच निघतो, त्यास ही सबब सांगता येणार नाही.

हौशी शोधकाची खरी परीक्षा म्हणून त्याच्या कपाटात नव्हे, त्याच्या लेखनात करावयास हवी. ह्या लेखनाचा साचा सर्वपरिचित आहे : ‘अमुक गावी एका शेतात प्राचीन मूर्ती सापडली.’ ह्या वाक्यातील एकेक शब्द तपासून पाहावा. ‘सापडली’ ह्या क्रियापदात कोणास, केव्हा, कशी, हे तिन्ही प्रश्न गडप होतात. ‘एका शेतात’ हे शब्द स्थळ सांगतात असे वाटते; वस्तुतः ते स्थळ लपवितात, कारण प्रत्येक शेतास गट क्रमांक आहे आणि तो सातबाऱ्यावर कोणासही पाहता येतो. ‘प्राचीन’ हे विशेषण तर बहुधा अज्ञानाचे सभ्य नाव असते. वीरगळ पाहिला की राष्ट्रकूट, कोरीव खांब पाहिला की हेमाडपंती, असे ठसे मारून कालनिर्णय होत नाही. आणि ज्या गोष्टींचा अशा वाक्यात उल्लेखही नसतो त्या सर्वांत मोलाच्या : वस्तू किती खोल होती, तिच्याभोवती माती कशी होती, जवळ कोणती खापरे होती. हातात धरावयाचे धातुशोधक यंत्र आल्यापासून हा दोष वाढला आहे. यंत्र नाणे दाखविते, खापर दाखवीत नाही. आणि यंत्राच्या इशाऱ्यावर खणलेला वीतभर खड्डा जे थर मोडतो, ते पुन्हा जुळविता येत नाहीत.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. शोधक नोंद करीत नाही ह्याचे कारण आळस नसून धास्ती आहे, असे म्हटले जाते. ह्यात तथ्य आहे. १८७८ च्या भूमिगत धनविषयक कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. न कळविणाऱ्यास शिक्षा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने व्यापार व निर्गत ह्यांवर निर्बंध घातले. परंतु हाच १८७८ चा कायदा कळविणाऱ्याकडून काय मागतो, हे पाहण्यासारखे आहे : वस्तूचे स्वरूप व मोल, ती मिळाल्याचे स्थळ, आणि मिळाल्याची तारीख. म्हणजे महसुलाच्या दृष्टीने केलेल्या कायद्यासही स्थळ आणि तारीख हवी आहे. संशोधक म्हणविणाऱ्यास ती नको असावी, हे विपरीत होय.

विद्वानांच्या पक्षाचाही दोष लहान नाही. खेड्यातून खापर घेऊन आलेल्या मनुष्यास विद्यापीठाच्या विभागात बहुधा दारच सापडत नाही, आणि सापडले तर उपेक्षा पदरी पडते. इंग्लंड व वेल्समध्ये १९९७ पासून हौशी शोधकांच्या वस्तूंची ऐच्छिक नोंद करण्याची योजना चालू आहे. तेथे वस्तू बहुधा शोधकाकडेच राहते. नोंद मात्र होते. अशा नोंदी दहा लाखांहून अधिक झाल्या आहेत. तेथील कायदा निराळा असल्याने ती योजना जशीच्या तशी येथे आणता येणार नाही. परंतु तिच्यातील तत्त्व घेण्यास कोणताच कायदा आड येत नाही.

ह्या तत्त्वाची निकड केवळ सातवाहनकालीन खापरापुरती नाही. पलूस तालुक्यातील कुंडल हे गाव दोन कारणांनी प्रसिद्ध आहे : डोंगरातील जैन लेण्यांमुळे आणि १९४३ नंतरच्या प्रतिसरकारच्या चळवळीमुळे. लेण्यांस त्यांच्या प्राचीनतेचे कवच आहे. प्रतिसरकारच्या काळातील वस्तूंस ते नाही, कारण १९७२ च्या कायद्याप्रमाणे वस्तू पुरावस्तू ठरण्यास तिला शंभर वर्षे पुरी व्हावी लागतात. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांस व कागदपत्रांस पंचाहत्तर पुरतात. म्हणजे १९४३ चा न्यायदानाचा कागद २०१८ मध्येच ह्या मर्यादेत आला, पण त्याच सालची तूफान सेनेच्या सैनिकाची कुऱ्हाड २०४३ पर्यंत कायद्याच्या लेखी केवळ जुने लोखंड आहे. तोवर ती भंगारात गेली तर कोणीही दोषी ठरणार नाही. तिला वाचवू शकेल तो हौशी शोधकच, आणि तिला अर्थ देऊ शकेल ती त्याची नोंदच : कोणत्या घरातून आली, कोणी दिली, देताना काय सांगितले.

तात्पर्य, ह्या हौसेचा निषेध करण्याचे कारण नाही. तिची कसोटी बदलण्याचे आहे. किती वस्तू जमविल्या हे मोजण्याऐवजी किती वस्तूंचे गाव, गट क्रमांक, खोली, सोबतच्या वस्तू आणि तारीख सांगता येते, हे मोजावे. ज्या वस्तूविषयी हे सांगता येत नाही ती शोभेची. जिच्याविषयी सांगता येते ती पुराव्याची. पुष्कळदा तर वस्तू जागेवरून न हलविता केलेली नोंदच अधिक मोलाची ठरेल. खरे-राजवाड्यांच्या वारसांनी त्यांची पायपीट उचलली आहे. त्यांची वही उचलणे अद्याप राहिले आहे. कृष्णाकाठची पांढरी दर पावसाळ्यात थोडी थोडी नदीत जात असताना हे काम फार काळ राहू देणे परवडणारे नाही.